हळदीच्या कढईतलं जहाज

"परत समुद्रातच टाकता?"

बा एवढ्या जोरात ओरडला की दावणीची म्हैस उठून उभी राहिली, पत्र्यावरचं मांजर खाली उडी मारून जे गेलं ते शेजाऱ्याकडंच राहायला गेलं, आणि कुरुंद्याच्या फाट्यावरची काळीपिवळी, कोणी तरी 'थांब' म्हणालं असं वाटून, रिकामीच दहा मिनिटं उभी राहिली. फाटा आमच्या घरापासून चार कोस आहे.

"व्हय," मी म्हणालो. हातातली चहाची बशी तोंडापर्यंत आली होती, ती तिथंच राहिली.

"म्हंजे समुद्रातला गाळ काढायचा."

"व्हय."

"जहाजात भरायचा."

"व्हय."

"आन् नेऊन समुद्रातच सोडायचा."

"तसं न्हाई बा. पुढं नेऊन सोडायचा. बरंच पुढं. खोल पाण्यात."

"मंग तो काय दुसरा समुद्र हाय?"

इथं मी अडकलो. चार वर्षं त्या जहाजावर नोकरी करून राहिलो होतो. कप्तानानं हे कधी विचारलं नव्हतं, मुकादमानं विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. तो दुसरा समुद्र आहे का? नसावा. मधे काही कुंपण पाहिल्याचं मला आठवत नाही.

आमचं गाव कुरुंदा आणि शिरड शहापूरच्या मधे कुठं तरी पडतं. तिथून समुद्र इतका लांब की समुद्र म्हटल्यावर लोकांना मिठाची पुडी आठवते. अशा गावातला मी आयटीआय करून, तालुक्याच्या गावी मोटारी दुरुस्त करता करता, एका मित्राच्या नादानं गाळ काढणाऱ्या जहाजावर खलाशी झालो. जहाजाच्या बाजूला एक भलामोठा पाइप असतो. तो समुद्राच्या तळाला टेकवायचा, जहाज म्हशीच्या चालीनं पुढं न्यायचं, आणि पाइपानं तळाचा गाळ ओढून जहाजाच्या पोटात भरायचा. पाइपाच्या तोंडाला लोखंडी दात असतात. त्या दातांत टायर, दोर, जाळी, काय वाटेल ते अडकतं. ते काढून दात साफ करणं हे माझं काम. एकदा त्या दातांतून अख्खी सायकल वर आली होती. तिची घंटी वाजत होती. मी वाजवून पाहिली.

आता हे बाला न समजायला काय झालं? तर आमच्या घरात गाळ म्हणजे देव. आमचं रान मूळचं मुरमाड. पाणी घातलं की रातोरात पिऊन टाकायचं आणि सकाळी पुन्हा तोंड वासून बसायचं. गावतळं आटलं की बा दरवर्षी गाडी जुंपून तिथला गाळ आणून त्या मुरमावर पसरायचा. पुढं बैलगाडीच्या जागी ट्रॉली आली. अशी किती वर्षं त्यानं गाळ ओढला त्याचा हिशेब नाही, पण तळं त्यामुळं दोन पुरुष खोल झालं आणि आमचं रान दोन हात उंच, असं बा सांगतो. त्या रानात आता अशी हळद येते की खणताना गड्याला वाटतं जमिनीखाली कोणी तरी गड्डे धरून बसलंय. गाळाच्या एका ट्रॉलीवरून आमच्या गावात दोन सख्खे भाऊ तीन दिवाळ्या बोलले नव्हते.

त्यामुळं मुलगा गाळ काढायच्या जहाजावर लागला हे ऐकून बाची छाती भरून आली होती. त्यानं मनाशी सगळं चित्र उभं केलं. जहाज गाळ काढतं, काठाला आणून ओततं, काठाला शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, आणि तिकडचं रान पिवळंजर्द हळदीनं भरून जातं. हे त्यानं पारावर सांगितलं, बाजारात सांगितलं, औंढ्याला दर्शनाच्या रांगेत उभं असताना पुढच्या-मागच्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. मी फोनवर ते कधी दुरुस्त केलं नाही. उलट माझ्याकडून दोन-चार ट्रॉल्या वाढवल्या. एकदा रांगेत भांडण लावून दिलं. एकदा सांगितलं की एक म्हातारा आमच्या गाळासाठी तीन दिवस ट्रॅक्टरवरच बसून होता, तिथंच जेवला, तिथंच त्याची दाढी झाली. त्या म्हाताऱ्याची बा फोनवर पुढं वर्षभर चौकशी करायचा.

आणि मग त्या सकाळी, मी सुटीवर आलो तेव्हा, तांड्यावरचे काका चहाला आले. काका म्हणजे बाचे जुने दोस्त. त्यांचं रान आमच्या रानाच्या खालच्या अंगाला, बांधाला बांध लागून. त्यांनी सहज विचारलं, "काहून रे, तिकडच्या गाळात हळद आपल्यापरीस चांगली येती का?"

मी प्रवासानं आंबलेलो होतो. चहा गरम होता. माणसाच्या तोंडून खरं निघायला एवढं पुरतं.

"कुठली हळद, काका," मी म्हणालो. "आमी तो गाळ परत समुद्रातच सोडतो."

त्यावर बा ओरडला तो वर सांगितला तसा.

ओरडून झाल्यावर तो उठला, माझ्या पिशवीतून माझं खलाशाचं निळं पुस्तक काढलं, आणि आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला बांधली. ते पुस्तक नसलं तर बंदराच्या फाटकावरचा शिपाईसुद्धा माणसाला आत घेत नाही. मला आठ दिवसांनी जहाजावर हजर व्हायचं होतं.

"बा, पुस्तक द्या."

"तुला कोनी तरी येडं करून राहिलं हाय," बा म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "तळ्यातलं तळ्यात टाकायला मानूस घर सोडून जात न्हाई. मला ह्ये काम हाय म्हणून समजलं, तर पुस्तक. न्हाई समजलं, तर तू हितंच राहा आन् हळद लाव."

"काम न्हाई तर मग मला तिथं ठिवलं कशाला?"

"त्येच तर म्या इचारून राहिलो."

मग मी समजवायला बसलो. एक दिवस समजवलं, दुसरा दिवस समजवलं, आणि तिसऱ्या दिवशी घरात एकच माणूस पुरता गोंधळलेला होता, तो म्हणजे मी.

सुरुवात मी औंढ्यापासून केली. म्हणालो, "बा, औंढ्याचं देऊळ बघा. बाहेरून दिसतं तेवढंच देऊळ हाय का? देव खाली हाय. वाकून, भिंत धरून खाली उतरावं लागतं. मोठ्या जहाजाचं बी तसंच. वर दिसतं तेवढंच पाण्याखाली बुडालेलं असतं. आता नदी समुद्राला मिळती तिथं गाळ आणून टाकती. तिथंच बंदर. मग जहाजाचं बूड तळाला टेकतं. म्हणून तळात एक वाट कोरून ठिवायची. लांब, सरळ, पाण्याखालची वाट. जहाजानं त्याच वाटेनं यायचं आन् त्याच वाटेनं जायचं."

"ती वाट दिसती?"

"न्हाई."

"मंग हाय हे कशावरून?"

"एक छोटी बोट फिरती. ती आवाज खाली सोडती. तळाला आपटून आवाज वर येतो, त्यावरून खोली कळती."

बानं काकांकडं पाहिलं. काकांनी आभाळाकडं पाहिलं.

"बरं," बा म्हणाला, "गाळ भरला. पुढं गेलात. तिथं खाली कसा करता? घमेल्यानं?"

"जहाजाचं बूड उघडतं. खाली दारं असतात."

"बूड उघडतं?"

"व्हय."

"भर समुद्रात?"

"व्हय."

"मंग बुडत न्हाई?"

"न्हाई."

"काहून?"

शेकडो वेळा माझ्या पायाखाली ती दारं उघडली होती. पोटातला गाळ भसकन खाली जायचा, जहाज हलकं होऊन एकदम वर यायचं, आणि आम्ही त्यावर उभं राहून तंबाखू मळायचो. का बुडत नाही हे मला त्या दिवसापर्यंत माहीत होतं असं मला वाटत होतं. आताही कोणी बूड उघडायला घेतलं की मी कठडा धरतो.

"सोड ते," बा म्हणाला. "एकदा वाट कोरली की झालं ना?"

"न्हाई. पाऊसकाळात वाट पुन्हा गाळानं भरती."

"पुन्हा?"

"पुन्हा काढायचा."

"तोच गाळ?"

"तोच का दुसरा, ते कसं सांगू?"

"वळखू येत न्हाई?"

या एका प्रश्नानं माझी दुपारची झोप गेली. मी खाटेवर पडून आठवत राहिलो. एक निळं टमरेल होतं. बूड फुटलेलं, कडेला दोर बांधलेला. पहिल्या वर्षी दातांत अडकून वर आलं, मी काढून गाळात फेकलं, ते पुढं जाऊन समुद्रात पडलं. दुसऱ्या वर्षी आलं. तिसऱ्या वर्षी ते वर आलं तेव्हा आमच्या मुकादमानं त्याला सलाम ठोकला. म्हणजे टमरेल जर त्या वाटेनं परत येत असेल तर गाळ का येणार नाही? मग आम्ही चार वर्षं एकच गाळ इकडून तिकडं, तिकडून इकडं? बाला समजवायला निघालो होतो, आणि आता मलाच कोणी तरी समजवायला हवं होतं.

काकांनी मधे पडून पाहिलं. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून इकडं आणायचे. ते म्हणाले, "भाऊ, आमचे आजे-पंजे एकाच वाटेनं जायचे. पाऊसकाळात ती वाट काट्यांनी बुजायची. दसरा झाला की आधी वाट साफ करायची, मंग बैल हाकायचे. दरवर्षी तीच वाट, तेच काटे. पन वाट नसती तर तुमच्या आजाच्या भाकरीला मीठ नसतं."

मला वाटलं, सुटलो. काकांच्या पाया पडावं असं वाटलं.

बानं थोडा विचार केला. "त्या काट्यांचं कुंपन व्हतं," तो म्हणाला. "सरपन व्हतं. फेकून कोन देतं काटे?"

काका चहा न पिताच उठले.

मायनं या सगळ्यात एकच प्रश्न विचारला होता, तोही मलाच. "जहाजावर भाकर भेटती का रे?" मी भात भेटतो म्हणालो. तिला ते समुद्रातल्या गाळापेक्षा जास्त वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी बा म्हणाला, "बोलू नको. दाव."

"काय दावू?"

"तुजं जहाज. कर हितं. म्या डोळ्यानं बघतो."

जहाज दाखवायचं तर पाणी पाहिजे, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी असलेली जागा एकच, आमचं शेततळं. रानाच्या वरच्या कोपऱ्यात खणलेलं, आत काळी जाड प्लास्टिकची पन्नी अंथरलेली. पन्नी नसती तर आमच्या मुरमानं ते सकाळच्या न्याहारीलाच संपवलं असतं. पावसाळ्यात भरून घेतलेलं ते पाणी बा थेंब थेंब राखून ठेवायचा, कारण पाऊस लागेपर्यंत नव्या हळदीचं बेणं त्याच पाण्यावर जगायचं. त्या तळ्यात कोणी चूळ भरली तरी बाला घरी बसून कळायचं. वर्षानुवर्षं आत धूळ-माती येऊन तळाशी गाळ साचला होता आणि तो काढायचं त्याच्या मनात होतंच. असं सगळं जुळून आलं. जुळून येतं तेव्हा माणसानं जरा थांबावं, पण जायचा प्रवास वजा केला तर माझ्याकडं तीनच दिवस उरले होते.

जहाज म्हणून मी हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई घेतली. आता हळद वाफेच्या यंत्रानं शिजते, म्हणून ती गोठ्यामागं पालथी पडून होती. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. काकांच्या ट्रॅक्टरवरून ती तळ्यावर आणली. काकांचाच पेट्रोलवर चालणारा छोटा पंप फळी टाकून आत बसवला. पंपाच्या ओढायच्या पाइपाला आमचं दाताळं बांधलं, बागेतला पाला ओढायचं लोखंडी दातांचं. ते झालं माझं दातांचं तोंड. प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून कढईत कडेला ठेवला, ते झालं जहाजाचं पोट. बांबूवर गेरूच्या खुणा केल्या, त्यानं खोली मोजायची. बंदराच्या इंजिनिअरांनी ते जहाज पाहिलं असतं तर त्यांनी नोकऱ्या सोडल्या असत्या.

ही बातमी गावात कशी गेली माहीत नाही. मी फक्त पाच-सहा जणांनाच सांगितलं होतं. तळ्याच्या बांधावर जत्रा भरली. कोणी तरी नारळ आणला. मायनं हळद-कुंकू आणलं आणि कढईपाशी येऊन थांबली.

"जहाजाचं तोंड कंच्या बाजूला हाय रे?"

हा प्रश्न बरोबर होता. कढई गोल. गोल वस्तूला तोंड कुठून आणायचं? एक जण म्हणाला, पंप आहे तिकडं तोंड. दुसरा म्हणाला, पंपाच्या बाजूनं धूर निघतो, ते तोंड कसं असेल? त्यावर बांधावर दोन पक्ष पडले. शेवटी मायनं चारी बाजूंनी कुंकू लावलं आणि सगळ्यांनाच तोंड दिलं.

पहिल्या फेरीला मी आणि काका बसलो. बा काठावर उभा, हाताची घडी, कंबरेला किल्ली.

पंप चालू झाला आणि कढई गरगर फिरायला लागली. मला दहा-बारा वेळा औंढ्याची बाजू दिसली, दहा-बारा वेळा वसमतची. काकांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी कडा धरल्या होत्या.

"तुमचं जहाज बी असंच फिरतं का?" बा काठावरून ओरडला.

"व्हय!" मी ओरडलो. दुसरं काय बोलणार?

मग काठावरच्या दोघांनी दोर टाकून कढई ताब्यात घेतली, आणि काम सुरू झालं. ते एका काठावरून दुसऱ्या काठाला कढई हळूहळू ओढत होते, मी दाताळं पन्नीपासून वीतभर वर धरून गाळातून फिरवत होतो, आणि ड्रममध्ये काळी रबडी पडत होती. ड्रमच्या कडेला मी खाच पाडली होती. गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी खाचेतून परत तळ्यात पडायचं.

"पानी भाईर, गाळ आत," बा स्वतःशीच म्हणाला. पण मी ऐकलं.

ड्रम भरला. कढई पलीकडच्या कोपऱ्यात नेली. बूड उघडायची सोय हळदीच्या कढईला नसते, म्हणून आम्ही ड्रम धरून पालथा केला. काठावर सगळे हळहळले, जणू कोणाच्या हातून तूप सांडलं. बानं ओठ दातांखाली धरले. पुन्हा आलो, पुन्हा भरला, पुन्हा पालथा. असे सात-आठ फेरे झाले. हे मात्र मी मनापासून केलं. सगळा गाळ एका कोपऱ्यात, आणि मधे एक सरळ पट्टा मोकळा.

मग मी बांबू बाच्या हातात दिला. "मोजा."

तो गुडघाभर पाण्यात उतरला, दोर धरून पुढं गेला, आणि पट्ट्यात बांबू उभा केला. पाणी वरच्या खुणेपर्यंत आलं. बाजूला उभा केला. एक हात कमी. पुन्हा पट्ट्यात. पुन्हा बाजूला.

"हितं वाट पडली," बा म्हणाला.

"व्हय."

"वरून दिसत न्हाई. पन हाय."

"व्हय बा."

"आन् तिकडं ढीग."

"तिकडं जहाज जात न्हाई. म्हणून तिकडं."

बा बांबूला धरून पाण्यात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उतरत गेलं. चार दिवस मी ज्याची वाट पाहत होतो ते तिथं, कमरेच्या किल्लीपासून दोन बोटांवर येऊन थांबलं होतं.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. आणि मी हात पुढं करणार तेवढ्यात म्हणाला, "सरक. मला बसू दे."

काका उतरले, बा चढला. दाताळ्याचा दांडा त्यानं माझ्या हातातून घेतला. नवा खलाशी आणि नवा बैल सारखाच, दोघांनाही जोर कुठं थांबवायचा ते कळत नाही. मी "वर धरा, बा, वर धरा" म्हणत होतो, पण पंपाच्या आवाजात त्याला फक्त 'धरा' ऐकू येत असावं. अर्ध्या वाटेत दाताळं गचकन थांबलं.

"अडकलं!" बा म्हणाला.

आता इथं काय झालं ते मी नीट सांगतो, कारण गावात त्याच्या निदान नऊ तऱ्हा सांगतात. जहाजावर दातांत काही अडकलं की आम्ही विचार करत बसत नाही. खाली काय असणार? टायर, दोर, जाळी. सगळे मिळून जोर लावतो आणि वर घेतो. चार वर्षांत माझे हात त्या शब्दाची वाट पाहायला शिकले होते. मी दांडा धरला आणि ओरडलो, "ओढा!"

आम्ही ओढलं. खाली काही तरी फर्रर्र झालं. दाताळं वर आलं, त्याच्या दातांत काळं, ओलं, चमकणारं काही तरी.

"टायर!" मी आनंदानं ओरडलो. "बा, टायर सापडलं!"

बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही ओढत राहिलो. पण ते टायर काही संपेना. हातभर आलं, पुरुषभर आलं, अजून येतच होतं, आणि त्याचं दुसरं टोक समोरच्या काठावर दगडाखाली दाबलेलं दिसत होतं.

बानं आधी ओळखलं.

"पोरा," तो म्हणाला, "ही आपली पन्नी हाय."

पाण्यावर एक बुडबुडा आला. मग दहा. मग तळं खालून गुळण्या करायला लागलं. आमचं मुरमाड रान किती वर्षं तहानलेलं होतं कोण जाणे. बांधावर एकच गोंधळ उडाला. एक म्हणाला, भोकात पटका कोंबा. एक म्हणाला, गाळ लोटा. काका कपड्यांसकट उडी मारून भोकावर उभे राहिले, पण भोक दाराएवढं आणि काका एकटे. मी पंपाचं तोंड फिरवून पाइप आमच्या आटलेल्या विहिरीकडं सोडला आणि जमेल तेवढं पाणी विहिरीत ढकललं. ते पुष्कळ नव्हतं. उन्हं उतरेपर्यंत कढई तळाला टेकली. माझं जहाज ज्या वाटेसाठी निघालं होतं त्याच वाटेत रुतून बसलं.

पाणी गेल्यावर मात्र सगळं दिसायला लागलं. मधोमध सरळ कोरलेला पट्टा. पलीकडच्या कोपऱ्यात गाळाचा ढीग. शाळेत नकाशा म्हणून लावावा इतकं स्वच्छ. चार दिवस मी तोंडानं जे सांगू शकलो नाही ते तिथं उघडं पडलं होतं, आणि ते बघायला काठावर कोणी उरलं नव्हतं. बा तेवढा खाली उतरला. ढिगातला मूठभर गाळ घेतला, हुंगला, खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो सगळा ढीग ट्रॉलीत भरून रानात नेला. माझ्याशी बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हशीलाही चुकल्यासारखं वाटत होतं. नव्या बेण्याला पाणी कुठून द्यायचं हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले. दारातच उभे राहून म्हणाले, "भाऊ, माझ्या विहिरीला पानी वाढलं. पुरुषभर वर आलं हाय. ते तुमचं हाय. तळ्यातनं मुरून खाली आलं. पाइप टाका आन् हळदीला घ्या."

बा त्यांच्याकडं बघत राहिला. "वरचं पानी खाली गेलं," तो म्हणाला, "आन् आता खालचं वर न्यायचं."

"व्हय."

"पुन्हा मुरून खालीच येनार."

"येईल की."

बानं त्यांना आत बोलावलं. दोघांनी बसून चहा घेतला. मग काकांच्या विहिरीपासून आमच्या रानापर्यंत पाइप टाकायला आम्ही तिघं गेलो. दिवसभर पाइप जोडत मी मनाशी ठरवलं. संध्याकाळच्या आधी घरी आल्यावर मी बाला म्हणालो, "बा, मी न्हाई जात. पन्नी नवी टाकू. पाऊस लागेपर्यंत मी हितंच थांबतो, पाणी देतो. पुस्तक राहू द्या पेटीतच."

बानं पाय धुतले. करदोड्याची किल्ली सोडली. आत गेला, पेटीचं झाकण वाजलं, आणि तो निळं पुस्तक घेऊन बाहेर आला. ते त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. पुस्तकाला हळदीचा वास येत होता.

"म्हंजे समजलं ना बा, माजं काम?" मी विचारलं. "जाऊ ना मी?"

"जा," बा म्हणाला. "तिथं खाली पन्नी न्हाई."